थोरल्याचा हलका हात

थोरल्याच्या हातात किती जोर आहे यावर गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं. लोखंडी दारं-खिडक्या बनवायच्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा आणि बोटाएवढी सळई नुसती गुडघ्यावर टेकवून वाकवायचा. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, पण खोटं सांगायचा नाही. त्याची शाळा लहानपणीच सुटली होती. त्यावर त्याचं म्हणणं, "शाळेला आपण झेपलो नाही."

घरात मात्र या हाताचा लौकिक जरा वेगळा होता. नळ बंद करायला गेला की नळाची मूठ हातात. कपाट उघडलं की दार बिजागरीसकट बाहेर. वरच्या फळीवरची काचेची बरणी काढायला आई शेजारच्या म्हातारीला बोलवायची, पण पोटच्या पोराला नाही.

त्याची धाकटी बहीण घरी बसून घरांचे नकाशे काढायची. तिचा जुना कॉम्प्युटर नकाशा उघडायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात एखादं घर बांधून झालं असतं. म्हणून तिने सुटे भाग आणले आणि नवा कॉम्प्युटर स्वतःच जोडायला घेतला. ही बातमी थोरल्याने गल्लीभर केली. विकत तर कुणीही आणतं, आमच्याकडे बनतो, असं तो ऐकवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की यांच्या माजघरात कारखानाच निघालाय.

बातमी दाजींपर्यंतही गेली. दाजी म्हणजे मधल्या बहिणीचा नवरा. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि कॉम्प्युटरवर बोलायचा हक्क आपल्या घराण्यात फक्त आपल्याला, अशी त्यांची समजूत होती.

"घरी जोडलेलं मशीन चालू होत नसतं," दाजी म्हणाले. "झालं तर मी माझे कान धरीन. नाही झालं तर धाकटीने नकाशे-बिकाशे सोडायचे आणि माझ्या दुकानात बसायचं. काउंटरला माणूस हवंच आहे."

"चालेल," धाकटी म्हणाली. "रविवारी चहाला या."

हट्टी पोरगी, बोलून मोकळी झाली. धास्ती घेतली ती थोरल्याने. हिने काउंटरवर बसून उंदीर आणि कीबोर्ड विकायचे, आणि दाजींनी जन्मभर ते आपल्याला ऐकवायचं? त्यापेक्षा सळई डोक्यावर वाकवून घेतलेली बरी.

जोडणी शनिवारी झाली. धाकटी त्याला टेबलाच्या जवळ येऊ देईना. मग तो रुसला. चांगला कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून रुसला. शेवटी तिला दया आली.

"बरं, ये. या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या. या खाचेत बसवायच्या. पण दादा, अंडं समजून धर."

"मोडशील रे," आई स्वयंपाकघरातून न बघताच म्हणाली.

थोरल्याने पट्टी धरली. काड्यापेटीएवढी रुंद, बिस्किटाहून पातळ. त्याच्या कपाळाला घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हातातला सगळा जोर काढून घेतला, श्वाससुद्धा जपून घेतला आणि पट्ट्या खाचेत नुसत्या टेकवल्या. त्या उभ्या राहिल्या. त्याने अलगद हात काढला.

"बसल्या?" पलीकडून धाकटीने विचारलं.

"दगडासारख्या."

रविवारी दाजी वेळेआधीच आले आणि एकुलती एक चांगली खुर्ची पटकावून बसले. धाकटीने बटण दाबलं. काही नाही. ना उजेड, ना आवाज. दाजींनी चहाचा घोट जरा मोठ्यानेच घेतला.

"पाठीमागचा खटका," धाकटी म्हणाली आणि मागे हात घालून वीजपुरवठ्याच्या पेटीवरचा खटका वर केला. आता पंखे फिरले, दिवे लागले. थोरल्याने मांडीवर थाप मारली. पण कॉम्प्युटरचा पडदा काळाच.

"वारा छान येतोय," दाजी म्हणाले. "उन्हाळ्यात उपयोग होईल."

पडद्याची वायर चुकीच्या भोकात होती. तिने ती ग्राफिक्स कार्डात लावली. तरी काळाच. मग प्रोसेसरची वीज पाहिली, सगळ्या वायरी पाहिल्या. रॅमही पाहिली. दादाच्या हाताने ती मोडली तर नाही ना, हे तिने तीनदा पाहिलं. बसली आहे का, हे एकदाही नाही. त्याच्या हाताबद्दल ती शंका कुणाला येणार?

शेवटी तिने मटाराएवढा एक भोंगा आतल्या मुख्य बोर्डावर लावला. "मशीनचं काही दुखत असेल तर हा सांगतो," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

भोंगा लांब ओरडला. थांबला. पुन्हा तसाच लांब ओरडला.

"मेमरी सापडत नाही म्हणतोय," धाकटी म्हणाली, आणि सगळ्यांनी थोरल्याच्या हाताकडे पाहिलं. थोरल्याने तो पाठीमागे घेतला.

"संपलं," दाजी म्हणाले. "सळया वाकवायच्या हाताने रॅम लावल्यावर दुसरं काय होणार? दाबून मारली बिचारीला."

धाकटी दादाला एका शब्दाने बोलली नाही. भोंग्याची वायर बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "दाजी, दुकान किती वाजता उघडता?"

ते थोरल्याला सहन झालं नाही.

"मी दाबलीच नाही," तो म्हणाला.

"दादा, राहू दे आता."

"अगं खरंच. नुसती टेकवली." त्याने पाठीमागचा हात पुढे घेतला. "भ्यालो मी."

हा शब्द त्या घरात थोरल्याच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. आईने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन उभी राहिली. दाजींचा चहा नाकात गेला.

"तुम्ही भ्यालात? पट्टीला?" खोकता खोकता ते म्हणाले. "अहो दादा, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोला."

"पट्टीला नाही. मोडली असती तर हिचं काय झालं असतं, त्याला."

धाकटी हसली नाही. तिने वीज बंद केली, प्लग काढला आणि टॉर्च मारून वाकून पाहिलं. पट्टीच्या टोकाची खिट्टी उघडीच होती. धाकटी सरळ झाली आणि बाजूला सरकली.

"दाब, दादा."

"मी?"

"तूच. दोन्ही टोकांना अंगठे ठेव आणि सरळ खाली."

"जोर किती?"

"कारखान्यात लावतोस त्याच्या पावपट. घाबरू नकोस, ती दाबायचीच असते."

"मोडशील रे," आई म्हणाली आणि डोळ्यांवर हात घेतले. बोटांतून बघत राहिली ती गोष्ट वेगळी.

थोरल्याने अंगठे टेकवले. दाबलं. बोर्ड जरासा वाकला, करकरला. त्याने धाकटीकडे पाहिलं. तिने मान हलवली, अजून. टक्. खिट्टी आपोआप लागली. दुसरी पट्टी, पुन्हा टक्.

प्लग लावून तिने बटण दाबलं. पंखे फिरले. भोंगा गप्प. पडदा काळा. थोडा वेळ गेला, तरी काळाच.

"मी म्हणालो नव्हतो..." असं दाजी म्हणायला लागले आणि "नव्हतो"वर पडदा उजळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई गॅस पेटवायला आत गेली. धाकटी म्हणाली, "दाजी, काउंटरला दुसरं माणूस बघा," आणि दाजींकडे पाहत राहिली. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग कपाळ खाजवायच्या निमित्ताने हात वर नेऊन खाली आणताना कान जरासा चिमटला.

"दोन्ही," थोरला म्हणाला.

त्यांनी दोन्ही धरले. मग खुर्ची धाकटीला दिली, कारण मशीनसमोर बसायचं म्हणजे ती लागणारच होती.

थोरला तोवर खिडकीत पोचला होता. "झाला हो सुरू," तो खाली कुणाला तरी सांगत होता. "बहिणीने बनवला, पण सुरू केला मी."

"बंद पण तूच ठेवला होतास," धाकटी आतून म्हणाली.

एवढं सोडून बाकी सगळं त्याने गल्लीला सविस्तर सांगितलं.