स्वतःच्याच हाकेला ओ

काही माणसांना बातमी नको असते, दिलासा हवा असतो. आणि तो दुसऱ्यांकडून मिळेलच याची खात्री नसल्यामुळे ती दिलाशाची सोय स्वतःच करून ठेवतात. डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयातील संगणक विभागाचा प्रमुख अशा माणसांपैकी होता. त्याच्या पाठीमागे सारे त्याला ‘सुखरूप’ म्हणत. कोणत्याही मजल्यावरून कोणतीही तक्रार आली, की तो समोरच्या भिंतीकडे एक नजर टाकी आणि फोनमध्ये सांगे, “आमच्याकडे सगळं सुखरूप आहे. तुमच्याकडे बघा.” पुढचे वाक्य ऐकण्याची तसदी तो सहसा घेत नसे.

त्या भिंतीवर एक मोठा पडदा होता आणि पडद्यावर एक हिरवे वर्तुळ. रुग्णांच्या साऱ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये साठवल्या जात, तो चालवणारी प्रोसेस, म्हणजे यंत्रात सतत चालू असलेले काम, जिवंत आहे की नाही, हे त्या वर्तुळाने सांगायचे असे. त्यामागची छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, सुखरूपने उमेदीच्या काळात स्वतः लिहिली होती आणि तिला हात लावण्याची कुणालाही मुभा नव्हती. तिचे काम सरळ होते. सर्व्हरवर त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी मागवायची, तिच्यात डेटाबेसचे नाव शोधायचे. नाव सापडले तर वर्तुळ हिरवे, न सापडले तर लाल. लाल वर्तुळ त्या खोलीत आजवर कोणी पाहिले नव्हते. ही गोष्ट तो नव्या माणसांना अशा सुरात ऐकवी, की जणू रोगराई त्याच्या धाकाने वेशीबाहेर थांबली आहे. डेटाबेस अधूनमधून बंद पडे, तेव्हा वैतागलेले कोणीतरी सर्व्हरचे आख्खे यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करी. त्या मधल्या काळाला सुखरूप ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ असे नाव देऊन मोकळा होई.

घरीही त्याची विचारपूस याच धाटणीची होती. “बरं वाटतंय ना? वाटत असेल,” असे तो चपला काढता काढता बायकोला विचारी आणि आत निघून जाई. प्रश्न विचारला याचे पुण्य पदरात पडे, उत्तराचा व्याप टळे. अशा माणसाला दुष्ट म्हणणे म्हणजे त्याचा फाजील गौरव करणे होय. दुष्टाला निदान समोरच्या माणसाकडे पाहावे तरी लागते.

त्याची धाकटी बहीण रफूचे काम करी. एक डोळा तिने लहानपणीच गमावला होता. उरलेल्या डोळ्यावर ती भारी कापडांची भोके अशी बुजवी, की नेसणाऱ्यालाही जागा सापडू नये. आता त्याच डोळ्याच्या आतला पडदा सुटू लागला होता. बाहेरून येणारे एक शल्यविशारद तो बसवून देणार होते; दुपारी त्यांना परतायचे होते आणि डोळ्याला फार थांबता येण्यासारखे नव्हते. अडचण एवढीच होती, की मागे एका भुलीच्या औषधाने तिचा श्वास कोंडला होता, आणि त्या औषधाचे नाव तिला आठवत नव्हते. नाव तिच्या जुन्या नोंदीत होते. कागदही होते, पण “कशाला हा पसारा वागवतेस? सगळं माझ्याकडे आहे ना,” असे म्हणून दादानेच ते रद्दीत घालायला लावले होते.

त्या सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी वॉर्डातून खाली फोन केला.

“अहो, नोंदी उघडत नाहीयेत. एकही नाही.”

“सर्व्हर सुखरूप आहे, बाई. तुमचा कॉम्प्युटर बंद करून बघा.”

“बघितलं. शेजारचाही बघितला. आणि ही तुमच्याच बहिणीची केस आहे, माहितेय ना?”

“म्हणूनच सांगतोय. तिला म्हणावं, काळजी करू नकोस, दादा खाली बसलाय.”

हे त्याने खऱ्या मायेने म्हटले, यातच त्याचे सारे दैन्य होते.

थोड्या वेळाने बहिणीनेच बाईंचा फोन मागून घेतला. “अरे दादा, डॉक्टर निघायचं म्हणतायत. तू जरा बघतोस का?”

“बघूनच बोलतोय ना! हिरवं आहे.”

“काय हिरवं आहे?”

“तुला नाही कळायचं ते. पडून राहा.”

त्याची सहायक, वयाने बरीच लहान असलेली अभियंता, हे ऐकत होती. “सर, मी एकदा सर्व्हरवर आत जाऊन बघू का?” तिने विचारले. पासवर्ड एकट्या सुखरूपकडे असे.

“काय बघणार? भिंतीवर दिसतंय त्याच्यापेक्षा वेगळं?”

“असेलही वेगळं.”

“बरं, बघा. तुमचीही हौस फिटू दे.” त्याने स्वतःच पासवर्ड घातला, यादी मागवली, नाव शोधले. एक ओळ आली. तिच्यात डेटाबेसचे नाव स्पष्ट होते. त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. “हे काय आहे, मॅडम? भूत आहे का?”

ती वाकून वाचू लागली. “सर, पुन्हा शोधा.”

“का?”

“शोधा तर.”

त्याने पुन्हा शोधले. पुन्हा एकच ओळ आली; पण तिच्या सुरुवातीचा आकडा बदलला होता. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसला एक आकडा मिळतो आणि ती संपेपर्यंत तो बदलत नाही, ही या व्यवसायातली बाराखडी. तिसऱ्यांदा शोधले, तर तिसराच आकडा.

“ही डेटाबेसची ओळ नाही, सर,” ती म्हणाली. “ही तुमच्या शोधण्याची ओळ आहे. शोधणं हीसुद्धा एक प्रोसेसच असते, आणि ज्याला शोधायचं त्याचं नाव तिच्या ओळीत असतंच. तुम्ही त्याला हाक मारता आणि ओ पण तुम्हीच देता.”

डेटाबेस चालू असता तर दोन ओळी आल्या असत्या. पण स्क्रिप्टने ओळी कधी मोजल्या नव्हत्या. काहीतरी सापडले, एवढ्यावर ती तृप्त होत असे. निर्माता आणि निर्मिती यांच्यात इतके साम्य क्वचितच आढळते.

एव्हाना प्रश्न उरलाच नव्हता. एक आज्ञा द्यायची होती. पण सुखरूप खुर्चीत मागे रेलला. “असं कसं होईल? इतकी वर्षं चाललंय.”

“सर, आधी रिस्टार्ट करू या. बाकीचं मागाहून.”

“रिस्टार्ट केलं म्हणजे बंद होतं असा अर्थ निघतो.”

“बंद आहेच ना!”

“ते अजून ठरायचंय,” तो म्हणाला, आणि चौथ्यांदा शोधू लागला. वर बहीण उपाशीपोटी, हातात सुई टोचलेली, छताकडे पाहत होती. आणि खाली तिचा सख्खा भाऊ आपली अब्रू वाचेल असा आकडा येण्याची वाट पाहत होता. अखेर सहायिकेने कीबोर्ड सरळ आपल्याकडे ओढून घेतला. डेटाबेस उठला. यादीत दोन ओळी आल्या. वर्तुळ होते तसेच हिरवे राहिले, आणि त्यामुळे ते आता आणखीच ओंगळ दिसू लागले.

नोंद उघडली तेव्हा शल्यविशारद दुसऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया आटोपून निघून गेले होते.

सुखरूप वर गेला. बहीण खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती.

“आता उघडतेय बघ नोंद,” तो म्हणाला. “तसं पूर्ण बंद म्हणता येणार नाही. जरा तांत्रिक आहे ते.”

“दादा, मी बघ म्हटलं तेव्हा तू काय बघत होतास?”

तो म्हणाला, “पुढच्या खेपेला येतीलच की डॉक्टर.”

“पुढच्या खेपेपर्यंत डोळा थांबणार नाही, असं या बाई म्हणतायत.” भूलतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्या रुग्णालयात शब्द टाकला होता आणि जुनी नोंद छापून पाकिटात घातली होती. रुग्णवाहिका खाली उभी होती. तो सोबत निघाला, तेव्हा बहिणीने त्याच्या छातीवर हलकेच तळवा टेकवून त्याला थांबवले. “तू नको. वहिनीला पाठव.”

जागा मिळण्यात आणखी एक दिवस गेला. शस्त्रक्रिया झाली. पडदा बसला, मात्र सुटलेला खालचा भाग तेवढ्या अवधीत आणखी सोलवटला होता, आणि डोळ्यात चित्र उलटे उमटत असल्याने नजरेच्या वरच्या बाजूला एक काळी पट्टी कायमची राहिली. रफूचे काम ती अजूनही करते, पण समोर उभ्या राहून कापड दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहायला तिला मान मागे टाकावी लागते. ओळखीचे लोक सुखरूपला बहिणीबद्दल विचारतात, तेव्हा तो म्हणतो, “डोळा वाचला.” हे खोटे नाही. तो समोर येऊन उभा राहतो, तेव्हा मात्र ती मान मागे टाकत नाही. हातातल्या कापडाकडे पाहतच त्याच्याशी बोलते.