तक्ता आणि चष्मा

"साहेब, माझ्या नवऱ्याला आत टाकू नका हो!" शेवंताबाई कोर्टात अशी ओरडली की छताचा पंखा दोन फेरे उलटा फिरला. तिच्या बँडवाल्या दगडूने वरातीत वरबापाच्या डोक्यात ट्रम्पेट घातला होता आणि मी त्याचा वकील असूनही गुन्हा शाबीत झाला होता. आता कैद द्यायची की सोडायचं, हे न्यायाधीशांच्या हातात होतं. अमेरिकेत म्हणे यासाठी तक्ता असतो. गुन्ह्यावर बोट ठेवलं की समोर महिने दिसतात. आमच्या साहेबांनी चष्मा काढून दगडूकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात माझी निम्मी दाढी पिकली.

"पहिलाच गुन्हा आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतो."

तक्त्याला असा चष्मा काढता आला असता का? मी सोडलेल्या सुस्काऱ्याने फायली उडाल्या.

"सुटलास की रे, दगडू!" मी म्हणालो.

तो म्हणाला, "जप्त केलेला ट्रम्पेट कधी देणार, विचारा. संध्याकाळी वरात आहे."