पावण्याला पाणी

सोलापूरजवळच्या कुंभारी गावापलीकडच्या माळावर सोनाबाईला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असंही नाही. पन्नाशी उलटली, पण चाल अशी की बरोबरच्या तरण्या पोरांना धाप लागावी. धनगराची लेक, धनगराची सून. नवरा गेला, मेंढरं विकली, माळ काही सुटला नाही. आता ती लांडग्यांवर नजर ठेवायचं काम करते. सोलापुरातल्या एका संस्थेनं तिला दुर्बीण दिली, फोन दिला आणि एक टोपीही दिली. पदर असताना टोपी कशाला, म्हणून ती टोपी खुंटीला लटकते आहे.

उजाडलं की निघायचं. धुळीत उमटलेले पंजे बघायचे, बोरीच्या खोडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायचं, वाटेत मिळालेली विष्ठा पिशवीत भरायची. "दुसऱ्यांच्या सासवा बाजारातनं भाजी आणत्यात," असं सून श्रीदेवी एकदा म्हणाली होती. सोनाबाई त्यावर दिवसभर हसत होती.

एवढं सगळं करायची, पण 'लांडगा' हा शब्द तिच्या तोंडून निघत नसे. नाव घेतलं की तो येतो, हे तिच्या बापाचं सांगणं. लहानपणी भावानं, प्रभूनं, गंमत म्हणून एकदा माळावर त्याच्या नावानं हाका मारल्या, आणि त्याच सांजेला कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू गेलं. बापानं प्रभूला असा बडवला की तो मार सोनाबाईच्याही पाठीत बसला. तेव्हापासून तिच्या लेखी ते 'पावणं'. "पावणं खणीच्या अंगाला दिसलं," असा ती उत्कर्षाला फोन करायची. उत्कर्षा म्हणजे संस्थेतली लांडग्यांवर अभ्यास करणारी मुलगी. तिनंही तो शब्द उचलला होता. "काय मावशी, आज पाहुणचार कसा?" असं ती विचारी.

घरात मात्र चुलीपुढं पावण्याचा विषय काढायचा नाही, हाही बापाचाच नेम. श्रीदेवी मूळची सोलापूरची, तिचे वडील नवी पेठेत कापडाच्या दुकानात. नवरा अभिमन्यू टेंभुर्णीला गॅरेजात लागला तशी ती पाच वर्षांच्या संस्कृतीला घेऊन सासूजवळ राहायला आली. तिच्या दृष्टीनं पाहुणे म्हणजे पाहुणे. दुसरा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

नातीला सोनाबाईनं एक गोष्ट मात्र घोटून शिकवली होती. फाटकाशी पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग रामराम. संस्कृती ते इतक्या हौसेनं करायची की वीजबिल देणाऱ्यालाही तांब्याभर पाणी पिऊनच सुटका मिळे.

त्या उन्हाळ्यात माळाचं लक्षण काही ठीक नव्हतं. दगडाच्या जुन्या खणीत कुणीतरी कोंबड्यांची घाण टाकायला लागलं आणि गावोगावची मोकाट कुत्री तिथं गोळा झाली. पुढं त्यातली काही झिंगल्यासारखी चालू लागली. एक तर वाटेतच मरून पडलं होतं, जबडा लोंबत होता आणि त्याच्याकडं कावळासुद्धा फिरकला नव्हता. सोनाबाईनं वाट बदलली, पण ते दृश्य काही डोळ्यांपुढून हललं नाही. उत्कर्षा म्हणाली, "हा पिसाळण्याचा रोग लांडग्यांत गेला तर संपलंच, मावशी. भर दिवसा, माणसाला न भिता फिरणारा, लाळ गळणारा, पाणी गिळता न येणारा दिसला तर जवळ जायचं नाही. आधी मला फोन."

आणि तो दिसला. सकाळचं ऊन चढत होतं. टेकाडावरून सोनाबाईनं पाणवठ्याकडं दुर्बीण लावली. नर होता, तिच्या ओळखीचा, डावा कान फाटलेला. त्यानं पाण्यात तोंड बुडवलं, वर काढलं. पाणी सगळं गळून गेलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा गळलं. मग मान एका बाजूला टाकून तो उठला आणि गाडीवाटेला लागला. ती वाट सोनाबाईच्या वस्तीवर जाते.

तिनं उत्कर्षाला फोन लावला.

"पावण्याला पाणी गिळंना, बाई. घराकडं निघालंय."

"घरी फोन करा आधी! सगळ्यांना आत घ्या. मी वन खात्याला कळवते आणि तशीच निघते."

सोनाबाई उतरणीला लागली आणि पळता पळता तिनं घरी फोन केला. वारा सुटला होता, आवाज तुटत होता.

"श्रीदेवी, पावणं वस्तीकडं निघालंय गं! पोरीला–"

"व्हय का? इतक्या लवकर?" श्रीदेवीचा आवाज हसरा होता. त्या दिवशी अक्कलकोटहून तिचा मामा निंगप्पा यायचा होता. घर सारवून, पुरणाची डाळ शिजत घालून ती त्याचीच वाट बघत होती. "पोरीला पाठवते की फाटकाशी, पाणी घेऊन. तुमी या सावकाश."

फोन बंद झाला. सोनाबाई जागच्या जागी उभी राहिली. आपण काय बोललो आणि तिनं काय ऐकलं, हे कळायला तिला एक क्षण लागला.

पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. श्रीदेवीनं उचलला तेव्हा सोनाबाईनं तोंड उघडलं, आणि शब्द येईना. पन्नास वर्षं दाबून ठेवलेला शब्द, असा सहजासहजी सुटतो होय? बापाचा हात दिसला, ते कोकरू दिसलं.

"आत्या? ऐकू येतंय का?"

"लांडगा!" सोनाबाई किंचाळली. "लांडगा हाय त्यो! पिसाळलेला लांडगा! पोरीला आत घे!"

पलीकडं फोन खाली पडल्याचा आवाज आला.

सोनाबाई घरी पोचली तेव्हा दाराला आतून कडी होती. श्रीदेवीनं पोरीला उराशी धरूनच कडी काढली. ती धावत बाहेर गेली तेव्हा फाटकाशी पोरगी एकटीच उभी होती, लांडगा कुंपणाच्या कडेनं ओढ्याकडं वळत होता, तिनं पोरीला उचलून आत ओढलं होतं. सोनाबाईनं नातीचे पाय बघितले, पोटऱ्या, दंड, मान. कुठं चावा नाही, झग्याला रक्त नाही. तळहातावर बोरीच्या काट्याचा कालचा ओरखडा, तेवढाच. उत्कर्षा आली. वन खात्याची माणसं ओढ्याकडं गेली होती, असं तिनं सांगितलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. श्रीदेवी रडत रडत हसली आणि चहा ठेवायला उठली.

संस्कृती मात्र गाल फुगवून बसली होती.

"आजी, तुझा पावणा लई वंगाळ हाय," ती म्हणाली. "मी त्याला पाणी दिलं. त्यानं घेतलंच न्हाय."

श्रीदेवी चुलीपासून उठून आली.

"मग?" सोनाबाईनं विचारलं.

"मग माझा हात चाटला."

तिनं ओरखड्याचाच हात पुढं केला.

सोनाबाईनं तिला उचललं आणि नळाखाली धरलं. साबण लावून, वाहत्या पाण्यात तो हात ती धूत राहिली. पोर रडून रडून थकली तरी थांबली नाही. उत्कर्षानं जीप चालू केली. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात ओरखड्याभोवती सुया टोचल्या, पुढच्या सगळ्या सुयाही वेळेवर झाल्या. लांडगा ओढ्यात बाभळीखाली मेलेला सापडला होता. रोग तोच होता. त्या दिवशी संध्याकाळी निंगप्पा आला, तेव्हा घराला कुलूप होतं आणि फाटकाशी तांब्या आडवा पडलेला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत, आता भीती नाही. उत्कर्षानंही तेच सांगितलं. सोनाबाईनं मान डोलावली.

ती अजून माळावर जाते. आता नाव घेऊनच बोलते. उरलेले लांडगे पाणवठ्यावर आले की दुर्बीण त्यांच्या तोंडावरून हलवत नाही, पाणी पोटात गेलं की मगच पुढं सरकते. पण त्याआधी, रोज सकाळी, निघण्यापूर्वी ती नातीला उठवते आणि हातात पाण्याचा तांब्या देते.

"आजी, मला तहान न्हाय लागली."

"पी, माझ्या बाई. एक घोट पी."

पोर पिते. सोनाबाई तिच्या गळ्याकडं बघत राहते. घोट खाली उतरला की ती दुर्बीण उचलते आणि बाहेर पडते.