आत्तीला आणायला धरणाखाली

पेपरात वारणा धरणाकडच्या भूकंपाच्या हादऱ्यांची बातमी आली की आईचा जीव खाली-वर व्हायचा. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाबांची बहीण, आमची आत्ती, नवरा गेल्यापासून धरणाखालच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत एकटीच राहायची. दिवाळी झाली तसं आईनं मला फर्मावलं, "वन्संना घिऊनच ये. न्हाईतर तूबी येऊ नगंस."

कोल्हापुरातून सकाळची एसटी धरली. वारणानगरला मिसळ खाल्ली; कट, म्हणजे वरची तर्री, हक्कानं मागून घ्या, नाही म्हणत नाहीत. पुढं वडापची जीप. माणसं कोंबून भरतात, तेव्हा सामान कमीच बरं. उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत जेवणवेळेला पोचले.

ताटावर बसले आणि जमिनीतून गुरगुर आली. आमटीची वाटी थरथरली. उसाचा ट्रॅक्टर गेला असेल म्हणून मी निवांत भाकरी मोडली. आत्तीनं गॅस बंद केला आणि मनगट धरून मला अंगणात ओढलं. शेजारणीही बाहेर आलेल्या.

"झाला की हादरा!" एक ओरडली, आणि सगळ्या परत आत गेल्या. मी मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून अंगणातच.

संध्याकाळी धरणाचं पाणी दिसतं त्या वरच्या रस्त्यावर गेलो. मी वाचलेलं सगळं आत्तीला ऐकवलं. इथल्या खडकात जुन्या भेगा आहेत, आधीच ताणलेल्या. वर साठलेल्या पाण्याचं ओझं पडतं, ते खोल झिरपून भेगांत दाब वाढवतं आणि खडक किंचित सरकतो. धरण भरताना किंवा उतरताना असे बारके हादरे जास्त बसतात.

आत्तीनं पाण्याकडं बोट दाखवलं. "त्या टेकाडाच्या अल्याड आमचं घर हुतं. म्हंजे आमच्याच घरावरचं पानी हालवतंय म्हन की."

"म्हणून तर म्हणते, चल कोल्हापूरला."

"एकदा ह्या पान्यानं उठवलं, पोरी. आता पुन्हा न्हाय उठायची."

 

दुसऱ्या दिवशी एकटीच परतले. आई पाठ फिरवून भाकऱ्या थापत राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून धडधड आली, फळीवरची भांडी वाजली. मी गॅस बंद केला आणि आईचं मनगट धरून तिला दारात आणलं.

"आगं, उसाचा ट्रॅक्टर हाय की!"

खरंच ट्रॅक्टर होता. तरी मी हात सोडला नाही. आईनं धरलेल्या मनगटाकडं पाहिलं.

"तिकडं वन्संचा हात कोन धरतंय गं?"