भावकूची काढघालीची कवळी

वडगावचा भावकू. चाळीस वर्सं मागावर साड्या इणल्या त्यानं. दोऱ्याचं टोक तोडाय कधी कातर घेतली न्हाय, दातानंच तोडायचा. पुढचं झिजलं, मागचं किडलं, साठीला तोंडाचं पार बोळकं झालं. मग त्याची बायकू मालुबाई रोज दुधात भाकरी कुस्करून द्याची.

आता तिचंच डोकं ठिकाण्यावर न्हवतं. लेकाचं नाव इसरली, चूल इसरली. नवऱ्याला तेवढं वळखायची.

लेकानं, विनोदनं, हट्टानं बापाला कवळी करून आणली. भावकू ती घालून घरात शिरला, तर मालुबाईनं डोक्यावरनं पदर वढला अन् वरडली, "अगं, कोण हाय का घरात? ह्यो कुठला बाप्या शिरलाय बघा!"

भावकू हसतच मागं परड्यात गेला, कवळी काढून तांब्यात टाकली अन् परत आला.

"आलासा? कुठं गेलतासा? आत्ता एक बाप्या आलता, लई दात काढून हसत हुता मेला."

तवापासनं भावकू परड्यात बसून कवळी घालून जेवायचा, तिच्याम्होरं जाताना काढून ठेवायचा. विनोदला राग आला. काढावीच लागू ने अशी कवळी बघाय बापाला घेऊन शापूरच्या दाताच्या डाक्टराकडं गेला.

डाक्टर म्हणला, "आज्जा, तुमची ही काढघालीची. दुसरी असत्या ती शेजारच्या दातांला तारेनं अडकवायची, पर तुमाला अडकवाय दातच न्हाईत. तिसरी, हाडात स्क्रू घालून पक्की बसवायची. ऊस खावा मग!"

"ती मला काढता येती?"

"न्हाय. आमीच काढायची."

"मग नगं."

"आप्पा, अवो, ऊस खायला मिळतोय तर..."

"तुझी आई मला दारात हुभं करंल का रं?"

विनोद बापाला घेऊन घरला आला.

वरीस गेलं. एक दिस भावकू बोळक्या तोंडानंच तिच्याजवळ बसला, तर मालुबाई म्हणली, "बसा आज्जा. आमचं हे येतील आत्ता मागावरनं."

भावकूनं इचारलं, "कसं हाईत गं तुझं हे?"

तिनं मान खाली घातली. "दात लई झ्याक हाईत त्यांचं."

भावकू उठला. परड्यात जाऊन कवळी घातली अन् पुढच्या दारानं आत आला. मालुबाई पदर सावरून भिंतीला सरकली. "आलासा? पाय धुवा, भाकरी वाढती." नव्या नवरीवानी हळू बोलली. म्हातारा त्या दिशी दोन घास जास्तच जेवला.

दोन म्हयनं त्यानं कवळी तोंडातनं काढली न्हाय.

मग एका सकाळी तिनं त्याच्याकडं बघितलं, अन् नुसतंच बघत ऱ्हायली. भावकूनं कवळी काढली. काय न्हाय. घातली. काय न्हाय. परत काढली, तोंड तिच्याम्होरं नेलं, "मी हाय गं, मी."

मालुबाई खुदकन हसली. लहान पोरीवानी टाळ्या वाजवल्या.

"आज्जा, परत एकदा करा की तसं!"

भावकूनं डोळं पुसलं, अन् परत केलं.