कात्रीकाकांची इटालियन

आमच्या गल्लीत केस कापणारे कात्रीकाका तसे ऐकून घेणारे. गिऱ्हाइकाने बोलावं आणि खुर्चीमागे उभ्या काकांनी आरशातून मान हलवावी, ही दुकानाची रीत. मध्यंतरी मात्र गंगा उलटी वाहू लागली. गालांना फेस फासून समोरच्याचं तोंड पुरतं बंद झालं, की काका आरशात बघून म्हणायचे, “ब्वॉनजोर्नो!”

“काका, वस्तरा गळ्यावर असताना परकी भाषा नको हो,” एकदा पोस्टमन म्हणाला. “माझा जीव वरखाली होतो.”

“नमस्कारच म्हणतोय, लेका. ‘ज’ जेवणातला, जोरातला नव्हे.”

काकांची लेक इटलीत नोकरीला गेली आणि तिथलीच सून झाली. नात पाच वर्षांची. तिला मराठी शिकवायचं लेकीच्या धावपळीत राहूनच गेलं. आता ती पहिल्यांदाच आजोळी येणार होती.

“फोनवर मला बघितलं की आईच्या पाठीमागे लपते,” फेसाच्या आडून ऐकणाऱ्या मला काकांनी सांगितलं. “इथं येऊनही लपली, तर मी फोनमधला म्हाताराच राहणार ना रे?”

म्हणून अभ्यास. लेक फोनवर शब्द म्हणून पाठवायची आणि काका ते गिऱ्हाइकांवर घोटायचे. ‘चाओ’ म्हणजे घरच्यांना, बरोबरीच्यांना. त्यातला ‘च’ चारमधला. ‘ग्राचिए’ म्हणजे आभार. इथला ‘च’ मात्र चांगल्यातला. कुणी आभार मानले की ‘प्रेगो’. आणि ‘पेर्मेस्सो?’ म्हणजे ‘परवानगी आहे का?’, त्यातला ‘स’ ‘हिस्सा’मधल्यासारखा दाबून म्हणायचा. काकांना हाच शब्द सगळ्यांत आवडला. “केवढी अदब आहे बघा!” असं म्हणून ते माझी मान डावीकडे वळवत.

नात आली. काका नवा सदरा घालून तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि समोरच्या भिंतीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, “ब्वॉनजोर्नो! कोमे स्ताइ?”

पोर दचकली आणि थेट आईच्या ओढणीत शिरली.

“अहो, कशी आहेस हे तिला विचारताय की भिंतीला?” काकू म्हणाल्या.

काका जेवले नाहीत. “उच्चार चुकला असेल,” एवढंच पुटपुटले.

“उच्चार ठीक होता, बाबा,” लेक हसू दाबत म्हणाली. “तुम्ही उभे कुठे होतात? जन्मभर माणसाच्या मागे उभं राहून बोललात, समोरून बोलायची सवय आहे कुठे तुम्हाला? उद्या तिला दुकानातच आणते. झिपऱ्या डोळ्यांत जातायत तिच्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर श्वास रोखून बसलो होतो. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून काकांनी नातीला वर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि मागे उभे राहिले. समोर आरसा. काकांचा आवाज आपोआप खाली आला.

“ब्वॉनजोर्नो.”

आरशातले दोन डोळे वर झाले. मग बारीक आवाजात उत्तर आलं, “ब्वॉनजोर्नो, नॉन्नो.”

“नॉन्नो म्हणजे आजोबा,” लेकीने आम्हाला सांगितलं. ते काकांना ठाऊक होतं. त्यांचा कंगवा खाली पडला होता.

त्यांनी दुसरा उचलला, कपाळावरची बट चिमटीत धरण्याआधी किंचित वाकले आणि विचारलं, “पेर्मेस्सो?”

नात खुदकन हसली. मग फळीवर पाय हलवत जोरजोरात हसू लागली.

“काय चुकलं?” काका घाबरले.

“बाबा, हे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना दारातून विचारतात. केस कापताना नाही!”

तेवढ्यात नातीने हसू आवरलं, घरमालकिणीसारखी मान ताठ केली आणि आरशातल्या आजोबांना म्हणाली, “आवान्ती!”

हा शब्द काकांच्या अभ्यासात नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“आत या, म्हणतेय.”

काकांनी कात्री टेबलावर ठेवली, पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, आणि मग बट हातात घेतली.