बिनगाठीचा दुपट्टा

हे मी कुंदाजवळही कधी बोललो नाही. कुंदा माझी बायको. एकाच घरात, एकाच मागाच्या खडखडाटात आमचा जन्म गेला. तिला माहीत नाही असं नाही — पण तिला माहीत असणं आणि मी तोंडानं सांगणं, यात फरक आहे ना? तो फरक इतकी वर्षं मी ओलांडला नाही. आज तुमच्यापुढं ओलांडतो. काहून, ते विचारू नका.

मी सौंसरचा विणकर. कोशाचं रेशीम विणतो; साड्या कमी, दुपट्टे जास्त. नागपूरचे लोक त्याला स्टोल म्हणतात, म्हणोत बापडे. माझा दुपट्टा हातात आला की माणूस आधी त्यावरून बोट फिरवतो आणि मग बोलतो. याचा मला गर्व आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या गर्वापायी झालं. अडचण, नाइलाज, पोटाचा प्रश्न — यातलं काही नव्हतं.

रेशीम कसं निघतं, ठाऊक आहे? कोसा म्हणजे किड्यानं स्वतःभोवती विणलेलं घर. किडा आत निजलेला असतानाच कोसा उकळायचा. किडा आत मरतो आणि धागा अखंड, लांबच लांब निघतो. त्याला जगू दिलं तर तो पाखरू होतो, कोसा फोडून उडून जातो. मागं राहतात धाग्याचे तुकडे. ते कापसासारखे कातावे लागतात, आणि सूत निघतं जाडंभरडं, गाठीगाठीचं. रेशीम जाळून बघा, खरं की खोटं ते कळेल. पण किडा मेला की जगला, ते फक्त गाठी सांगतात. आम्हा विणकरांच्या घरात हे लेकरालाही कळतं. ताईलाही कळायला हवं होतं.

ताई माझी मोठी बहीण. लहानपणी कोसे उकळायचं काम तिचंच होतं. मोठ्या गंजात पाणी खदखदायचं, ती लाकडानं ढवळायची. मेलेले काळे किडे आम्ही कोंबड्यांपुढं टाकायचो आणि त्यांची झुंबड बघून दोघंही हसायचो. पुढं ती लग्न होऊन मोहगावला गेली. सासर महानुभावांचं. पोरगी मोठी झाल्यावर ताईनं पंथाचा उपदेश घेतला आणि कोणत्याही जीवाला इजा नको म्हणून रेशीम सोडलं. पंथात रेशमाला मनाई आहे की नाही, मला माहीत नाही. हा नेम तिचा स्वतःचा होता.

मला तो कधी कळला? भाऊबीजेला. दरवर्षी मी माझ्या हातचा दुपट्टा तिच्या ओटीत टाकायचो. त्या वर्षी तिनं तो उचलून परत माझ्या मांडीवर ठेवला.

"रागावू नको बापू," ती म्हणाली. घरात मला बापूच म्हणतात. "अंगावर घेतलं का मले त्या गंजातले किडे दिसून राहिले."

रागावू नको! ज्या मागावर आपण दोघं वाढलो, ज्या मागानं तिचं लग्न लावलं, तो आता पापाचा झाला? खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे आणखी काय असतं? सगळे बसले होते — ताईचे यजमान, पोरं, शेजारची बाई. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुह्यासाठी असा दुपट्टा विणून देतो, का त्याच्यात एकही किडा मेला नसंन. मग तं घेशीन?"

मी टोमणा मारला होता. तिनं तो खरा धरला. डोळे भरून आले तिचे.

आता शब्द गेला होता. भंडाऱ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी फुटके कोसे आणले. ते कातायला कुंदा बसली. स्वयंपाक, धुणी, पोरं, सगळं उरकून अंगणात उन्हाला बसायची आणि कातायची. तो हिवाळा तिनं त्यातच घातला. बोटांना चिरा पडल्या. ती खोबरेल लावायची आणि पुन्हा चाती हातात घ्यायची. मी म्हणालोही एकदा, राहू दे. तर म्हणाली, "ताईचं काम आहे." माझ्या आईमागं मोहगावहून येऊन-जाऊन ताईनंच तिला या घरात सांभाळून घेतलं होतं.

सूत तयार झालं. मी मागावर चढवलं आणि विणायला बसलो. ताण्याचे धागे फणीत अडकू लागले, तुटू लागले. जोडावे तर आणखी एक गाठ. हातभर कापड निघालं तेव्हा मी ते खिडकीशी नेऊन बघितलं. पोतं! दुसरा शब्द नाही. खरबरीत, मंद रंगाचं, जागोजागी फुगलेलं. ताई हे पांघरून मोहगावच्या बायकांत बसणार आणि सांगणार, माझ्या भावानं विणलं? मला तेवढंच दिसलं. किडे नाहीत, ताई नाही, कुंदाची बोटं नाहीत — तेवढंच. बायका बोट फिरवतील आणि काही बोलणार नाहीत, हे मला सहन होईना.

मी ते हातभर कापड कापून टाकलं. आणि माझं नेहमीचं, उकळलेल्या कोशाचं रेशीम मागावर चढवलं.

असा दुपट्टा मी त्याआधी विणला नव्हता, त्यानंतरही नाही. जीव ओतला म्हणतात ना — कोणाचा जीव, ते विचारू नका.

कुंदाचं सूत उरलं होतं. ते कोणाच्या दृष्टीस पडलं असतं तर? ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी सगळ्या लडी आणि ते कापलेलं कापड न्हाणीच्या चुलीत घातलं. पण रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. कितीही वारा घाला, घरात भरून राहतो. विणकराच्या बायकोला तो वास कळणार नाही, असं मला वाटलं तरी कसं?

ती आली. दारातच थांबली. चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माहं सूत पुरलं?" तिनं विचारलं.

"पुरलं," मी म्हणालो.

ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं रेशमाला हात लावला नाही. लडी भरायची असो, घडी घालायची असो, मीच करतो. काहून, हे मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

दुपट्टा घेऊन मी मोहगावला गेलो. ताईनं तो उलगडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओळखणार. कोसे उकळलेले हात आहेत ते. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "एक गाठ नाही कुठं. याच्यात पाप नाही ना बापू, म्हणून एवढा साफ आहे."

हे वाक्य मी अजून पचवू शकलो नाही. लाज वाटली, फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी छातीही फुगली. साफ आहे म्हणाली ना!

तो दुपट्टा मग तिचा गणवेशच झाला. रोज देवपूजेला, सत्संगाला, कोणाच्या मयतीला. भावानं माझ्यासाठी धंद्याची रीत बदलली, असं ती जो भेटेल त्याला सांगायची. मोहगावच्या बाजारात अनोळखी माणसं मला हात जोडू लागली. मी पण जोडायचो. काय करणार होतो? — काय करणार म्हणजे, सांगू शकत होतो. नाही सांगितलं.

मग तिला पोटाचा आजार झाला. नागपूरला नेलं, परत आणलं. शेवटी मी भेटायला गेलो तेव्हा तो दुपट्टा उशाशी घडी करून ठेवलेला होता. तिचा हात त्याच्यावर. आवाज उरला नव्हता. म्हणाली, "सगळे हसले मले. तू एकटाच माह्यासाठी बदलला." खोलीत आम्ही दोघंच होतो. बोललो असतो तर दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. जिनं आयुष्यभर मुंगी चुकवून पाऊल टाकलं, तिच्या अंगावर मी रोज मेलेले किडे पांघरले होते, आणि ते कळण्याचा तिला हक्क होता. मरणाऱ्याचा जीव दुखवू नये म्हणून गप्प बसलो, असं म्हणायला बरं वाटतं. तसं नव्हतं. मला तिच्या डोळ्यांतला बापू सोडवत नव्हता. मी दुपट्ट्याची घडी सारखी केली आणि उठलो.

इथं संपलं असतं तर मी तुम्हाला म्हातारपणाचा पश्चात्ताप सांगितला, असं झालं असतं. संपलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ताईची पोरगी वर्षा आली. आईसारखाच तिनंही उपदेश घेतला आहे. आईचा दुपट्टा विरला होता, तो तिनं पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवला. "मामा, मले असाच पाहिजे. आईसारखा, बिनापापाचा. दुसऱ्या कोणाच्या हातचा मी घेणार नाही."

कुंदा चहा घेऊन दारात उभी होती. कप खाली ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "फुटके कोसे आणा. मी कातून देईन."

इतक्या वर्षांनी ती रेशमाला हात लावायला निघाली होती. तिनं मला दार उघडून दिलं होतं — तिनं, जिचं सूत मी जाळलं. नुसतं हो म्हणायचं होतं. सत्य सांगायचीही गरज नव्हती. दुपट्टा गाठीगाठीचा निघाला असता. मग वर्षानं तो आईच्या दुपट्ट्याशेजारी ठेवला असता, दोन्हींवरून बोट फिरवलं असतं, आणि एक दिवस विचारलं असतं.

मी म्हणालो, "राहू दे. तुझी बोटं दुखतात. सूत आहे आपल्याजवळ."

कुंदा रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

गेल्या पंधरवड्यात दुपट्टा मोहगावला पोचता केला. चांगला झाला आहे. एकही गाठ नाही.